फ्लोरिडातला गांजा: औषधापुरता की सर्वांना?

गांजाबद्दल अमेरिकन माणसाचा कल नेमका कुठे थबकतो, हे फ्लोरिडाच्या दोन मतदानांत स्वच्छ दिसतं. दोन्ही प्रस्ताव फ्लोरिडा राज्याची स्वतःची घटना बदलण्याचे होते, आणि त्याला ६० टक्के मतं लागतात.

२०१६ चा प्रस्ताव औषधापुरता होता. कर्करोग, अपस्मार अशा आजारांत डॉक्टरांनी मान्यता दिली तरच गांजा. ७१ टक्के लोकांनी होकार दिला. दोनच वर्षांपूर्वी असाच प्रस्ताव ५८ टक्क्यांच्या आसपास अडकला होता! घरात दुखणाईत माणूस असला की पक्षबिक्ष बाजूला राहतो, आणि ते योग्यच आहे.

२०२४ चा प्रस्ताव सरसकट मोकळीक देणारा: वय २१ पूर्ण असलं की कारण न सांगता सुमारे ८५ ग्रॅमपर्यंत जवळ बाळगा. ट्रम्प यांचा पाठिंबा, तर त्यांच्याच पक्षाचे गव्हर्नर डिसँटिस यांचा कडाडून विरोध. मतं पडली ५६ टक्के. बहुमत मिळूनही प्रस्ताव बारगळला.

मला पहिला पर्याय निःसंशय पटतो. दुसऱ्याला मन कचरतं ते दुकानदारीमुळे. प्रचाराचा बहुतेक पैसा गांजा विकणाऱ्या एका कंपनीनेच ओतला होता. मात्र चिमूटभर गांजासाठी कुणाला तुरुंगात डांबणं मला या दोन्हींहून वाईट वाटतं.