नागपूरचे तीन उन्हाळे आणि नेक्सॉन ईव्हीची बॅटरी

टाटा नेक्सॉन ईव्हीची ३०.२ किलोवॅट-तासांची जुनी आवृत्ती नागपुरात तीन उन्हाळे वापरून झाल्यावर हा अनुभव लिहीत आहे. गाडीच्या इतर गुणदोषांवर पुष्कळ लिहिले गेले आहे; येथे विषय केवळ बॅटरीचा.

कंपनीने जाहीर केलेली ३१२ किलोमीटरची रेंज प्रमाणित चाचणीतील आहे. शहरात मला दोनशेच्या थोडे वर मिळतात, अमरावती महामार्गावर वेग वाढवला की त्याहून कमी. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो, एसी अखंड चालतो, पडद्यावरचा आकडा आणखी घसरतो आणि नेमके तेव्हाच ओळखीतले ईव्हीमालक ‘बॅटरी गेली’ म्हणू लागतात. वस्तुतः तो आकडा म्हणजे अलीकडे गाडी कशी चालवली गेली त्यावरून बांधलेला अंदाज असतो. बॅटरीची प्रकृती, म्हणजेच एसओएच (स्टेट ऑफ हेल्थ), हे निराळे मोजमाप आहे: नवेपणी जेवढी ऊर्जा मावत होती, त्याच्या किती टक्के आज मावते. जुलै लागताच माझी रेंज पूर्ववत होते. झीज झाली असती तर ती पावसाने भरून निघाली नसती.

ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी-सॉकेटला लावायचे, आतली माहिती मोबाइलला पाठवणारे छोटे उपकरण) लावून पाहिलेला एसओएच पहिल्या वर्षी जरा झपाट्याने उतरला आणि नंतर ९४ टक्क्यांच्या आसपास रेंगाळला. हे अपेक्षितच होते. सेलमधील ऋण अग्रावर सुरुवातीला एक पातळ थर जमतो, त्यात थोडे लिथियम कायमचे अडकते आणि थर जाड होत जातो तसा त्याच्या वाढीचा वेग मंदावतो. ही झीज गाडी उभी असतानाही चालू राहते. उष्णता आणि दीर्घकाळ भरलेली बॅटरी ही जोडी तिला वेग देते. म्हणून परगावी जाताना मी गाडी निम्म्या चार्जवर, सावलीत ठेवतो, आणि भर दुपारच्या प्रवासानंतर लगेच फास्ट चार्जर लावणे टाळतो.

रोज ८० टक्क्यांवरच थांबावे, हा सल्ला मात्र या गाडीला जसाच्या तसा लागू करू नये. तो मुख्यतः निकेल-मँगनीज-कोबाल्ट रसायनाच्या बॅटरींसाठी आहे. हिच्यातील एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) सेलचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे केवळ व्होल्टेजवरून चार्ज किती उरला हे बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला, नीट उमगत नाही. अधूनमधून सावकाश १०० टक्के चार्ज केले की हिशेब पुन्हा जुळतो आणि सेलचे संतुलनही होते. याच कारणाने डोंगलवरचा एसओएचसुद्धा मी अंदाज म्हणूनच वाचतो. पडताळणीसाठी बॅटरी दहा टक्क्यांपर्यंत उतरवून घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर पूर्ण भरतो आणि स्वतंत्र मीटरवरचे युनिट टिपतो. चार्जिंगमध्ये काही वीज उष्णतेत जाते, त्यामुळे हा आकडा बॅटरीची खरी क्षमता सांगत नाही; पण त्याच ऋतूत, त्याच सॉकेटवर घेतलेल्या नोंदींची तुलना पुरेशी बोलकी ठरते. कंटाळवाणे काम आहे, हे खरे.

या गाडीतील द्रवशीतनाचे, म्हणजे द्रव फिरवून बॅटरी थंड ठेवण्याच्या व्यवस्थेचे, मोल उन्हाळ्यात पटते. पहिल्या पिढीच्या निसान लीफमध्ये बॅटरी थंड ठेवण्याची अशी सक्रिय व्यवस्था नव्हती आणि २०१२ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनाच्या उष्ण हवेत त्या गाड्यांची क्षमता लवकर घटल्याच्या तक्रारी गाजल्या होत्या. नागपुरात राहणाऱ्याने रेंजच्या आकड्याआधी शीतनाची चौकशी करावी, असे माझे मत आहे.

बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर आहे. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर दावा ग्राह्य धरला जातो आणि ती कोण, कशी मोजणार, हे हमीपत्रात खरेदीपूर्वीच वाचावे. जुनी ईव्ही घेणाऱ्याने तर किलोमीटरपेक्षा एसओएचचा लेखी अहवाल आधी मागावा. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून ईव्ही बॅटरींना डिजिटल पासपोर्ट, म्हणजे बॅटरीच्या माहितीची व प्रकृतीची डिजिटल नोंद, सक्तीचा होत आहे. आपल्याकडे तूर्त मालकाने स्वतः ठेवलेल्या नोंदीच त्याची जागा घेऊ शकतात.