गिलरे भिंतीवर हवा असेल तर: तैलचित्र, रंगवलेला छाप की १८५१ ची प्रत?

इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरे याचं ‘प्लम पुडिंग’ पाहिलं नाही असा व्यंगचित्रांचा शौकीन विरळाच. टेबलावर पृथ्वीचा वाफाळता गोळा, डावीकडे इंग्लंडचा शिडशिडीत पंतप्रधान विल्यम पिट, उजवीकडे खुर्चीतून अर्धवट उठलेला बुटका नेपोलियन, आणि दोघंही आपापला घास कापण्यात दंग. फेब्रुवारी १८०५ चं हे चित्र घरात लावावं म्हणून ‘हाताने रंगवलेली प्रत’ शोधायला गेलात, तर त्या एका नावाखाली दोन अगदी निराळ्या वस्तू विकायला असतात. एक म्हणजे कॅनव्हासवर तैलरंगात केलेली नक्कल. दुसरी म्हणजे छापलेल्या रेषांवर हाताने जलरंग भरलेला कागद.

तैलरंगातला गिलरे मी तरी घेणार नाही. हा माणूस तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढून त्या ॲसिडने खोदणारा. त्याची सगळी करामत रेषेत आहे: गालावरच्या बारीक आडव्यातिडव्या रेघा, नाकाचं टोक, चित्राखालचा मजकूर. पिटच्या हातातला काटा नीट पाहा, तो त्रिशुळासारखा तीन दातांचा आहे, म्हणजे आरमाराची खूण. तो काटा समुद्रात रोवून पिट महासागराचा लठ्ठ तुकडा कापतोय; नेपोलियनच्या वाट्याला युरोप, आणि तोही आकाराने लहान. हे सगळं जवळ जाऊन वाचायचं असतं. मूळ चित्र साधारण २६ गुणिले ३६ सेंटिमीटरचं, हातात धरून बघायचं. ते तीन फुटी कॅनव्हासवर गेलं की रेघांचे फराटे होतात, आणि खालची इंग्रजी अक्षरं ब्रशने नीट उतरली तर नशीब. कॅफेच्या भिंतीवर लांबून दिसायला काहीतरी भडक हवं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कॅनव्हास खपून जातो, वर काचही लागत नाही.

तैलरंगच हवा असा हट्ट असेल तर गिलरेऐवजी हॉगार्थकडे वळा. त्याच्या आधीचा इंग्रज चित्रकार विल्यम हॉगार्थ याने १७५४ च्या ऑक्सफर्डशर निवडणुकीवर केलेली चार चित्रं मुळातच तैलरंगातली आहेत. लंडनच्या सर जॉन सोन म्युझियममध्ये ती आजही आहेत. मतांसाठी मेजवान्या, लाच, मारामाऱ्या आणि निवडून आलेल्या उमेदवाराची खुर्चीवरून डगमगती मिरवणूक. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळून पाहिलेल्या माणसाला त्यात वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. त्यांची कॅनव्हासवरची नक्कल चित्राच्या जातकुळीला धरून होते.

रंगवलेला छाप मात्र गिलरेच्या मूळ रीतीच्या सर्वात जवळचा. हॅना हम्फ्री या बाईंचं दुकान लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर होतं आणि गिलरे त्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचा. पत्र्यावरून काळ्या रेषेचे छाप निघायचे आणि रंगारी नमुना समोर ठेवून एकेक कागद जलरंगाने भरायचे. बिनरंगाचा छाप स्वस्त, रंगीत महाग. रंग हाताने भरलेला असल्यामुळे जुन्या दोन रंगीत प्रती तंतोतंत जुळत नाहीत, आणि आजच्या रंगवणाऱ्याने कोटाचा लाल थोडा इकडेतिकडे केला किंवा रंग रेषेबाहेर सांडला, तरी बिघडत नाही. बघायचं ते रेषेकडे. विकणाऱ्याकडून चेहऱ्याचा आणि मजकुराचा जवळून काढलेला फोटो मागवा. रेषा भिंगाखाली ठिपक्यांत फुटत असेल तर ती इंकजेटची. मग किंमतही त्याच हिशेबाने द्यायची.

जुनी प्रत हा तिसरा मार्ग, आणि तो वाटतो तितका आवाक्याबाहेर नाही. गिलरे १८१५ मध्ये गेला. त्याचे पत्रे पुढे हेन्री बोन या प्रकाशकाकडे आले आणि १८५१ मध्ये त्याने ते पुन्हा छापले. म्हणजे रेषा अस्सल गिलरेच्याच. हे छाप जाड कागदावर, बहुधा बिनरंगाचे आणि बऱ्याचदा पाठपोट असतात, त्यामुळे फ्रेम केल्यावर एक चित्र कायम भिंतीकडे तोंड करून राहतं. गिलरेच्या हयातीतल्या रंगीत छापापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडतात. ‘बोनची प्रत, मूळ रंगांसह’ असं कुणी सांगू लागलं तर सावध व्हा. तो रंग बहुतेक नंतर कुणीतरी चढवलेला असतो.

मला स्वतःला बिनरंगाची बोनची प्रतच आवडते. पण रंग हवाच असेल तर तयार माल घेण्यापेक्षा करवून घ्या. न्यूयॉर्कचं मेट म्युझियम आणि अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या साइटवर जुन्या इंग्रजी व्यंगचित्रांच्या मोठ्या फाइल फुकट मिळतात. बिनरंगाचा छाप निवडायचा, सुती कागदावर मूळ मापात छापायचा आणि जे.जे. किंवा अभिनव या कला महाविद्यालयांतून शिकलेल्या, जलरंगात हात बसलेल्या एखाद्या चित्रकाराकडून रंगवून घ्यायचा.

असं करायचं ठरलं तर विषयही आपला निवडता येतो. डिसेंबर १७९१ च्या एका चित्रात गिलरेने इंग्रज गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस याची टिपूच्या श्रीरंगपट्टणहून माघार दाखवली आहे. याच माघारीत इंग्रजांना वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा भेटल्या होत्या. चित्राच्या नावात मान्सूनचं आगमन आहे आणि तो पाऊस टिपू तटावर उभा राहून स्वतःच पाडतोय. कसा, ते लिहीत नाही. हॉलमध्ये लावण्याआधी घरच्यांना एकदा दाखवून घ्या.

कागद कुठलाही असो, माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) आम्लरहित हवा आणि काच चित्राला टेकता कामा नये. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर बुरशी धरते, आणि खिडकीसमोर ऊन लागलं की जलरंग विटतात. जुनी प्रत लंडनहून आणणार असाल तर आणखी एक: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. पुन्हा परदेशी मुक्काम हलवायचा बेत असेल तर ती तिकडेच राहू द्या.