माहीमचं निसर्ग उद्यान: डास चावले, तरी पुन्हा जाणार

पाचपैकी चार तारे. एक डासांनी नेला.

माझं बालपण सायनचं. वांद्र्याच्या मावशीकडे जाताना बस या बाजूला आली की आई पदर नाकाला लावायची आणि आम्ही तिघं श्वास रोखून किती आकडे होतात ते मोजायचो. कचऱ्याचे डोंगर होते इथे, वर घारी घिरट्या घालत असायच्या. १९७७ च्या सुमारास इथे कचरा टाकणं बंद झालं. पुढे वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या मंडळींनी या उकिरड्यावर जंगल करायची कल्पना मांडली. १९९४ साली वसुंधरा दिनाला उद्यान लोकांसाठी उघडलं. जागा ३७ एकर, धारावी डेपोच्या समोर. मी मात्र आत पाऊल टाकलं ते थेट या ऑक्टोबरात, नातीला घेऊन.

आधीच सांगते, ही बाग नाही. झोपाळा, घसरगुंडी, भेळवाला शोधत याल तर पोरं दहा मिनिटांत 'घरी चला' म्हणतील. पायवाटेवर झाडं दोन्ही बाजूंनी अंगावर येतात. करंज, बहावा, पांगारा ओळखले. बाकीच्यांसमोर नातीने 'हे कुठलं?' विचारलं की मी पाटी शोधत होते. लिंबाच्या एका रोपावर तिला पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी दिसलं. "आजी, शी!" मी चष्मा पुसून वाकले, तर ती बहुरूपी फुलपाखराची अळी! पुढची पंधरा मिनिटं आम्ही तिथेच उकिडव्या. अळी पान कडेकडेने कुरतडत होती, मधली शीर मात्र सोडत होती. गुडघ्यांनी नंतर हिशेब चुकता केला, ते वेगळं.

पावसाचं पाणी साठवलेलं तळं आहे, काठावर ढोकरी बगळा पुतळ्यासारखा उभा. तळ्यावरून पुढे निघालात की हवा बदलते, चिखलाचा खारट वास येतो आणि मिठी नदीच्या अंगाला तिवरं सुरू होतात. ओहोटी होती, म्हणून चिखलातून वर आलेली त्यांची श्वासमुळं दिसली, शेकडो, पेन्सिली रोवल्यासारखी. त्यांतच भरतीने आणून अडकवलेल्या पिशव्याही होत्या. नातीला वाटलं, इथल्याच लोकांनी टाकल्या. म्हटलं, नाही गं, त्या नदीने वरून आणल्यात, आपल्यासारख्यांच्याच घरातल्या असतील.

तिकीट किरकोळ आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पाणी न्या, सकाळी जा. फुलपाखरांसाठी पावसाळा सरतानाचे दिवस उत्तम, एप्रिलच्या उन्हात जाऊ नका. आणि मोबाइलवर मोठ्याने गाणी लावणाऱ्यांना हात जोडून सांगा, मी सांगितलं. एकाने बंद केली, दुसऱ्याने आवाज वाढवला.

निघताना नातीने विचारलं, कचरा गेला कुठे? म्हटलं, कुठे जाणार, तुझ्या चपलेखालीच आहे. तिने लगेच चप्पल काढून तळवा बघितला.