फेअर आयल : सप्टेंबर की ऑक्टोबर?

ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधोमध असलेल्या या चिमुकल्या स्कॉटिश बेटावर शरद ऋतूतला कोणता महिना निवडावा? नुसती हवाच बघायची तर सप्टेंबर. महिन्याच्या सुरुवातीला दिवस 14 तासांचा असतो, दुपारी पारा 13-14 अंशांपर्यंत जातो आणि समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो. ऑक्टोबरअखेर दिवस जेमतेम 9 तासांवर येतो, अटलांटिकवरून एकामागून एक वादळं येतात, पाऊस आडवा झोडपतो. बोट आणि छोटं विमान दोन्ही हवेच्या मर्जीवर चालतात, म्हणून ऑक्टोबरात परतीच्या तारखेला दोन-तीन दिवस जास्तीचे धराच.

पण पक्ष्यांसाठी जाणार असाल, तर गणित बदलतं. इथे सगळा खेळ वाऱ्याचा. पश्चिमेचा वारा असेल तर दिवसभर फिरून हाती फारसं लागत नाही. तोच आग्नेयेकडून वाहू लागला आणि जोडीला पाऊस आला, की उत्तर समुद्रावर भरकटलेले पक्षी बेटावर उतरतात. झाडं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे सायबेरियाकडून आलेला, जेमतेम सहा ग्रॅमचा पिवळ्या भुवईचा वटवट्या दगडी कुंपणाच्या आडोशाला, अगदी हाताच्या अंतरावर किडे टिपताना दिसतो. ऑक्टोबरात स्कँडिनेव्हियातून रेडविंग कस्तुरांचे थवेच्या थवे येतात. पफिन हे समुद्रपक्षी मात्र दोन्ही महिन्यांत नाहीत. ते ऑगस्टमध्येच समुद्रावर निघून जातात.

माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आणि ऑक्टोबरचा पहिला. एकच महिना निवडायचा असेल तर मी ऑक्टोबर घेईन, पावसासकट.