न उघडलेल्या इंजिनाचे बिल

पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरातल्या एका गॅरेजने माझ्या काकांकडून मोटारीच्या इंजिनकामापोटी ५८,४०० रुपये घेतले आणि प्रत्यक्षात इंजिन उघडलेच नाही. हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, काकांना जे सांगण्यात आले त्या सरसकट थापा नव्हत्या. त्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीच्या इंजिनाबाबत खरी होती, आणि म्हणूनच ज्यांनी आपली गाडी वर्षानुवर्षे स्वतःच्या हातांनी सांभाळली त्यांना ती पटली. असे जाणते ज्येष्ठ वाहनमालक पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत आहेत आणि या प्रकारची फसवणूक नेमकी त्यांनाच गाठते.

काका खडकीच्या एका कारखान्यात टर्नर होते आणि त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. फियाट ११०० वरून घडवलेली ही १०८९ सीसीची गाडी मालकाने सतत लक्ष घातले तरच नीट चालत असे. सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जळून त्यांच्या टोकांवर खड्डे पडत, मग ते पॉलिश पेपरने घासून फीलर गेजने फट पुन्हा लावावी लागे. कार्बोरेटरचे जेट तुंबत, टॅपेट वाजू लागत, उन्हाळ्यात पेट्रोलपंप तापून आत इंधनाची वाफ धरली की त्यावर ओले फडके टाकून थांबावे लागे आणि मुंबईहून येताना बोरघाटात बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतत उभ्या असलेल्या गाड्या नेहमीच दिसत. थंडीत चोक ओढून गाडी सुरू केली की जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन काढी आणि पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजत. पेट्रोलमध्ये तेव्हा शिसे होते (देशभर ते २००० साली बंद झाले). त्याचे आणि कार्बनचे थर आत साचत, त्यामुळे ठरावीक काळाने हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा इंजिनाचा वरचा भाग, उतरवून कार्बन खरवडणे आणि वॉल्व्ह घासून बसवणे हा देखभालीचाच भाग होता. लाखभर किलोमीटरच्या आत रिंग-पिस्टनचे काम निघाले तर कोणाला नवल वाटत नसे. पुष्कळ गाड्यांच्या मीटरला किलोमीटरचे पाचच आकडे असत, त्यापुढे मोजण्याची गरज फारशी कोणाला भासत नव्हती. काकांनी नाना पेठेतून रिंगांचा संच आणून घराच्या अंगणात इंजिन बांधलेले मी लहानपणी पाहिले आहे.

त्यांची आताची गाडी २०१६ सालची, १.२ लिटरची, चार सिलिंडरांची पेट्रोल गाडी असून ती ७१,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या डिसेंबरात एका सकाळी ती सिग्नलला थरथरू लागली, चढावर धक्के देऊ लागली आणि डॅशबोर्डवर इंजिनाचे पिवळे चिन्ह पेटले. काकांनी ती जवळच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने आदराने खुर्ची दिली, पद्मिनीच्या आठवणी काढल्या आणि मग एकामागून एक तीन गोष्टी प्रत्यक्ष दाखवल्या.

पहिली, सायलेन्सरमधून निघणारा पांढरा धूर. पेट्रोल जळताना पाणी तयार होते आणि पुण्याच्या थंडीत सकाळी त्याची वाफ दिसते. तेल जळत असेल तर धूर निळसर असतो आणि इंजिन तापल्यावरही तो थांबत नाही. दुसरी, डिपस्टिकवरचे काळे तेल. आजच्या तेलातली रसायने काजळी धरून ठेवण्यासाठीच घातलेली असतात, त्यामुळे तेल काळे होणे हे ते आपले काम करत असल्याचेच लक्षण आहे. तिसरी गोष्ट सर्वांत परिणामकारक ठरली. इंजिन चालू असताना त्याने तेलाचे झाकण काढले आणि इंजिन हेलकावे खाऊ लागले. “बघा काका, बॅक कॉम्प्रेशन मारतंय, रिंगा गेल्या,” असे तो म्हणाला, म्हणजे झिजलेल्या रिंगांमधून सिलिंडरचा दाब खाली निसटतो आहे. जुन्या इंजिनात झाकण काढल्यावर भपकारा आला तर रिंगा झिजल्याचा संशय घेणे रास्त होते. आजच्या इंजिनात मात्र आतली वाफ एका झडपेतून पुन्हा इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, ओढली जाते. झाकण उघडले की मोजमापाबाहेरची हवा आत शिरते, मिश्रण बिघडते आणि धडधाकट इंजिनाचेही आयडलिंग अडखळू शकते. म्हणजे दोष दाखवताना त्याने तो तिथल्या तिथे निर्माण केला होता.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने रिंगा खाल्ल्या, असेही एक वाक्य त्याने जोडून दिले. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि मायलेज यांविषयीची चिंता निराधार नाही, पण नुसत्या धुराकडे बघून रिंगांचा निकाल देता येत नाही.

गाडी काही दिवस ठेवून घेतली गेली. परत मिळाली तेव्हा चिन्ह विझलेले होते. बिलावर रिंग सेट, हेड गॅस्केट, वॉल्व्ह ग्राइंडिंग, साडेतीन लिटर तेल आणि मजुरी असा तपशील होता, आणि सोबत प्लास्टिकच्या पिशवीत “तुमच्या जुन्या रिंगा” दिल्या होत्या. पुढच्याच आठवड्यात कात्रज घाट चढताना गाडीने पुन्हा धक्के दिले आणि चिन्ह पुन्हा पेटले.

तेव्हा मी काकांसोबत कोथरूडमधल्या दुसऱ्या मेकॅनिककडे गेले. त्याने सर्वांत आधी स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला. बिघाडाचा कोड आला पी-०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडूनही इंधन नीट जळत नाही किंवा ठिणगीच पडत नाही. त्याने तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवली, कोड पुसला आणि गाडी तापेपर्यंत फिरवून आणली. आता कोड आला पी-०३०२. दोष कॉइलबरोबर सरकला होता, म्हणजे बिघाड कॉइलमध्येच होता आणि सिलिंडरचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तापल्यावर दगा देणारी ती कॉइल बदलायला मजुरीसह अडीच हजारांच्या आतच खर्च आला. त्याच स्कॅनरवर, कॉइल हलवण्यापूर्वी, मागचा कोड पुसल्यापासून गाडी किती चालली तो आकडाही दिसला होता. गॅरेजमधून बाहेर पडल्यापासून गाडी जितकी चालली होती तितकाच तो होता. अर्थ उघड आहे: पहिल्या गॅरेजने कोड वाचला होता आणि गाडी देताना तो पुसून टाकला होता.

या मेकॅनिकने चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजले. ते सगळीकडे १८० पीएसआयच्या आसपास, उत्तम भरले. परंतु हा आमच्याच नव्या रिंगांचा परिणाम आहे, असा दावा पहिले गॅरेज सहज करू शकले असते. त्यामुळे इंजिन उघडले नव्हते हे वेगळ्या मार्गाने दाखवणे आवश्यक होते. हेड उतरवायचे तर आधी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, काढावे लागते, आणि बिलात कूलंटचा एक थेंबही नव्हता. टाकीत तेच जुने, गढूळ झालेले कूलंट होते. आजच्या बहुतेक इंजिनांत हेडचे बोल्ट ठरावीक ताण देऊन बसवतात आणि हेड काढले तर ते नवे घालण्याचा कंपन्यांचा आग्रह असतो. बिलात बोल्टही नव्हते. हेड काढण्यासाठी जे आधी उघडावे लागते त्या टायमिंग कव्हरच्या सांध्यावर कारखान्यात लावलेले सीलंट वर्षानुवर्षांच्या मळाखाली जसेच्या तसे होते.

शेवटचा पुरावा काकांनी स्वतः दिला. घरी येऊन त्यांनी आपला जुना व्हर्नियर काढला, पिशवीतल्या रिंगांची टोके जुळवून धरली आणि व्यास मोजला. तो ८३ मिलिमीटर भरला. गाडीच्या पुस्तिकेत बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७३ मिलिमीटर दिला आहे. त्या रिंगा या इंजिनात कधी बसल्याच नसत्या. त्या वेळी काका शांतपणे म्हणाले, “अगं, मी मोजत बसेन असं त्याला वाटलं नसणार.” माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत महत्त्वाची बाब आहे. जुने ज्ञान निरुपयोगी झालेले नाही. ते कोणत्या इंजिनाला लावायचे, एवढेच बदलले आहे.

आजच्या इंजिनात किती इंधन सोडायचे ते संगणक ठरवतो, ऑक्सिजन सेन्सर जळलेल्या वायूवरून मिश्रण सतत तपासतो, डिस्ट्रिब्युटर आणि पॉइंट उरलेलेच नाहीत, सिलिंडरच्या आतल्या भिंतीचे घासकाम (होनिंग) अधिक काटेकोर झाले आहे आणि तेल कितीतरी सुधारले आहे. त्यामुळे वेळेवर तेल बदललेली पेट्रोल गाडी दोन लाख किलोमीटर हेड न उतरवता चालणे ही आज सामान्य गोष्ट आहे. म्हणून ७१,००० किलोमीटरवर रिंगा गेल्याचे कोणी सांगत असेल, तर दोन गोष्टी मागाव्यात: स्कॅनरवरच्या कोडचा फोटो आणि चारही सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनचे लेखी आकडे. हे काम तासाभरात होते आणि ते टाळणाऱ्याकडे गाडी ठेवू नये. कोड वाचणारा छोटा स्कॅनर दोन हजारांच्या आत मिळतो आणि मोबाइलला जोडता येतो. घरात ज्येष्ठ चालक असतील तर तो अवश्य घ्यावा. इंजिनाचे चिन्ह स्थिर न राहता लुकलुकू लागले, तर मात्र गाडी चालवत राहू नये, कारण न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो वितळू शकतो आणि तो खर्च खरोखर मोठा असतो.

याचा अर्थ नव्या इंजिनाला देखभाल लागत नाही असा नाही. पूर्वी तीन-पाच हजार किलोमीटरवर होणारा तेलबदल आता बहुधा दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल त्यावर आला आहे, पण तो चुकवला तर तेलाच्या अरुंद वाटा तुंबतात आणि टायमिंग चेन ताणली जाते. काकांच्या गाडीत त्या गॅरेजने ५डब्ल्यू-३० ऐवजी २०डब्ल्यू-५० हे दाट तेल घातले होते, कारण दाट तेलाने आवाज दबतो. ते आम्ही लगेच बदलून घेतले. इंजिन डीकार्बनच्या नावाखाली इनटेकला नळी लावून काही हजार घेतले जातात. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत वॉल्व्हवर खरोखरच कार्बन साचतो आणि तो काढावा लागतो. साध्या एमपीएफआय इंजिनात मात्र पेट्रोल वॉल्व्हच्या पाठीवरच फवारले जात असल्याने ते वॉल्व्ह धुतले जात असतात. तिथे काही तक्रार नसताना हा खर्च करण्याचे कारण नाही.

ज्यांच्या बाबतीत असे घडले असेल त्यांनी बिल, मूळ अंदाजपत्रक, परत मिळालेले सुटे भाग आणि दुसऱ्या मेकॅनिकचा सही-शिक्क्याचा अहवाल जपून ठेवावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही. आम्ही आधी गॅरेजला लेखी नोटीस पाठवली. त्यांनी ३०,००० रुपये परत देऊ केले, पण आपली काहीही तक्रार नाही अशा मजकुराच्या कागदावर काकांची सही मागितली. काकांनी सही करायला नकार दिला आणि पूर्ण रकमेसाठी आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे.