चिकट चिठ्ठ्या आणि पांढरा फळा: लाइनवरचा प्रॉब्लेम सोडवायला किती उपयोगी?

कारखान्याच्या लाइनवर रिजेक्शन, म्हणजे नापास माल, वाढलं की सहा-सात जणांची बैठक बसते आणि कोणीतरी मार्कर उचलतो. खरी गडबड तिथेच सुरू होते. मार्कर एकाच्या हातात, तो बहुधा साहेबांच्या, आणि पहिलं कारण फळ्यावर चढलं की पुढची सगळी चर्चा त्याच कारणाभोवती फिरते. चिकट चिठ्ठ्यांचं पॅड विकत घ्यायचं ते यासाठी. नुसता फळा असेल तर बैठक फक्त उभ्याने होते, एवढाच फरक.

आधी मालाबद्दल. ३ बाय ३ इंचाची पिवळी चिठ्ठी सगळीकडे मिळते, पण कारण लिहायला ती अपुरी पडते. लोक ‘मशीन’, ‘टूल’ असे एकेक शब्द लिहून मोकळे होतात. ३ बाय ५ इंचाची आडवी चिठ्ठी घ्या, त्यात एक पूर्ण वाक्य बसतं. सोबत बॉलपेन देऊ नका. गोल टोकाच्या मार्करने लिहिलेलं सहा-सात फुटांवरून वाचता येतं, बॉलपेनचं नाही. पॅडवरून चिठ्ठी खालून वर ओढली की तिला बाक येतो आणि पंखा लावला की ती गळते. बाजूने सोलून काढली की सपाट राहते. स्वस्त पॅडांचा गोंद धुळकट फळ्यावर टिकत नाही. अर्थात कटिंग ऑइलच्या हातांपुढे महागडं पॅडही हरतं, तेव्हा टेबलावर चिंधी ठेवा. १९६८ मध्ये थ्रीएम कंपनीच्या स्पेन्सर सिल्व्हर यांना हा अर्धवट चिकटणारा गोंद सापडला आणि ‘पोस्ट-इट’ अमेरिकेच्या बाजारात यायला १९८० उजाडलं. त्या अर्धवटपणातच सगळी मजा आहे: चिठ्ठी उचलून दुसरीकडे लावता येते, फळ्यावरची ओळ हलवता येत नाही.

फळ्यात दोन प्रकार. लॅमिनेटचा स्वस्त, पण वर्षभरात पुसलेल्या अक्षरांची सावली धरतो. एनॅमल चढवलेला पोलादी फळा महाग, मात्र साफ पुसला जातो आणि लोहचुंबकही धरतो. आमचा कौल दोन्हींच्या विरोधात आहे. खाकी कागदाचा रोल घ्या, सहा फूट फाडून मशीनशेजारी टेपने लावा. प्रॉब्लेम मशीनवर असतो, एसीच्या खोलीत नाही.

आता वापर. पहिली ओळ प्रॉब्लेमची: कोणता पार्ट, कोणतं मशीन, दोष काय, कधीपासून, किती नग. ‘क्वालिटी खराब’ ही ओळ चालणार नाही. मग सात मिनिटं सगळे गप्प, एका चिठ्ठीवर एकच कारण. हे गप्प बसणं लोकांना अवघड जातं, पण फायदा त्याचाच आहे. बोलून बोलून कल्पना काढणाऱ्या गटापेक्षा तेवढेच लोक वेगवेगळे बसून जास्त कल्पना काढतात, हे डील आणि स्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. मुख्य अडचण अशी की एक जण बोलत असताना बाकीचे अडकून राहतात. त्यानंतर चिठ्ठ्या लावायच्या. ऑपरेटर आणि फिटर आधी, साहेब सगळ्यांत शेवटी. न बोलता सारख्या चिठ्ठ्या शेजारी सरकवायच्या. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांची केजे पद्धत, म्हणजे चिठ्ठ्यांचे गट करून विचार मांडण्याची पद्धत, याच धर्तीची.

समजा, बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक, लहान येतोय. क्वालिटीवाल्याला ठाऊक असतं की दोष दुसऱ्या पाळीच्या सुरुवातीलाच दिसतो. टूलरूमला ठाऊक असतं की परत येणारं इन्सर्ट, म्हणजे टूलचं बदलायचं कापणारं टोक, प्रमाणाबाहेर झिजलेलं आहे. ज्या नगांच्या काउंटरवरून इन्सर्ट कधी बदलायचं ते ठरतं, तो पाळी बदलताना शून्य होतो, हे फक्त ऑपरेटरला माहीत. तिघांच्या तीन चिठ्ठ्या शेजारी आल्या की उत्तर दिसतं: काउंटर इन्सर्ट बदलल्यावरच शून्य करायचा. नुसत्या चर्चेत लोक सगळ्यांना आधीच माहीत असलेलंच उगाळतात आणि एकट्याकडची माहिती तशीच राहते. म्हणून पॅड आदल्या दिवशीच मशीनजवळ ठेवा. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर सकाळच्या बैठकीला कुठून येणार?

जिथे हे साधन तोकडं पडतं तेही सांगायला हवं. सहा जणांत अक्षर लगेच ओळखू येतं, तेव्हा चिठ्ठी निनावी असते हा भ्रम आहे. सुपरवायझरविरुद्धचं कारण हवं असेल तर बाहेरच्या कोणाकडून सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लिहून घ्याव्या लागतात. इंग्रजीचा आग्रह धरला की निम्मे हात थांबतात. मराठी, हिंदी, जे येईल ते चालू द्या. आणि चिठ्ठी म्हणजे अंदाज, पुरावा नव्हे. प्रत्येक कारण मशीनवर तपासून चिठ्ठीच्या कोपऱ्यात बरोबर किंवा फुली करा. ‘ऑपरेटरची चूक’ अशी चिठ्ठी टिकली आणि उपाय म्हणून ‘ट्रेनिंग दिलं’ असं लिहिलं गेलं, तर पॅड वाया गेलं समजा. ती चूक करता आली कशी, हा पुढचा ‘का’ राहून गेलेला असतो.

खरेदी: सात जणांच्या एका बैठकीला १०० चिठ्ठ्यांचं एक पॅड पुरून उरतं, मार्कर मात्र माणशी एक. तरीही फळाच घेतलात आणि त्यावर चुकून परमनंट मार्कर चालला, तर त्याच अक्षरांवर फळ्याचा मार्कर गिरवा आणि ओलं असतानाच पुसा.