‘आयएसआय’ छापलेला हॅम्पर आणि आमच्या मोतीचे दुखणे

नाताळाच्या आधी नवी मुंबईत ठिकठिकाणी प्रदर्शने भरतात आणि अलीकडे त्यांत पाळीव प्राण्यांच्या भेटवस्तूंचा एखादा गाळा हमखास असतो. नेरूळच्या अशाच एका प्रदर्शनातून मी दोन गिफ्ट हॅम्पर घेतले, एक आमच्या मोती कुत्र्यासाठी आणि दुसरा ऐरोलीला राहणाऱ्या बहिणीच्या मांजरासाठी. त्यातील चघळायचे हाड मोतीच्या जिवावर बेतले. विक्रेत्याने सांगितलेल्या आणि खोक्यावर छापलेल्या गोष्टींपैकी जवळजवळ काहीच खरे नव्हते, हे नंतर एकेक करून उघड झाले.

हाड कशाचे आहे, हे मी स्पष्ट विचारले होते. “ताई, ही छुर्पी आहे, दुधाची. शंभर टक्के शाकाहारी,” असे त्याने सांगितले आणि पाकिटावरचा हिरवा ठिपका व अन्नपरवान्याचा चौदा अंकी क्रमांक दाखवला. छुर्पी म्हणजे नेपाळ-सिक्कीमकडे याक किंवा गाईच्या दुधापासून करतात ते टणक चीज. कुत्र्यांना चघळायला ते खरोखरच दिले जाते. मात्र मोतीने त्या हाडाचा मोठा तुकडा गिळला आणि रात्रीपासून त्याला सतत उमासे येऊ लागले, लाळ गळू लागली, प्यालेले पाणीही पोटात ठरेना. पशुवैद्यांनी सोनोग्राफी केली, तेव्हा जठराच्या तोंडाशी फुगलेला तुकडा अडकलेला दिसला. तो आतड्यात उतरला नव्हता, म्हणून भूल देऊन दुर्बिणीने काढता आला. उतरला असता तर पोट उघडावे लागले असते, असे डॉक्टर म्हणाले.

उरलेले हाड त्यांनी पाण्यात भिजत ठेवायला सांगितले. सकाळी त्याचे पांढरे, बुळबुळीत पदर सुटून आले होते. ते कातडे होते. यालाच बाजारात रॉहाइड म्हणतात. जनावराच्या कातड्याचा वरचा थर चामड्यासाठी वेगळा केल्यावर उरणारा आतला थर चुन्यासारख्या रसायनांनी साफ करून, बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरा करून, गुंडाळून वाळवला की असे हाड तयार होते. ते पोटात सहज विरघळत नाही आणि ओले झाले की फुगते. कातड्याला दूध म्हणून विकणे ही आमच्यासारख्या शाकाहारी घराची फसवणूक तर आहेच, पण माझा खरा संताप निराळ्या कारणाने आहे. हे कातडे आहे असे समजले असते, तर मोतीला ते कधीही दिले नसते.

पाकिटावरचा अन्नपरवानाही अर्थहीन होता. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ यातील अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. त्यामुळे त्या क्रमांकावरून कुत्र्याच्या खाऊविषयी काहीच सिद्ध होत नाही. खोक्यावरच्या आयएसआय चिन्हाची गोष्ट तर याहून गंभीर आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर हे चिन्ह सक्तीचे झाले, हे पुष्कळांना ठाऊक असते आणि विक्रेते त्याच माहितीचा फायदा घेतात. तो आदेश चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी आहे, प्राण्यांच्या खेळण्यांसाठी नाही. शिवाय खऱ्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये कोणालाही तपासता येतो. आमच्या खोक्यावरचा क्रमांक तपासला, तेव्हा तो परवाना दुसऱ्याच उत्पादकाला प्लास्टिकच्या पाइपांसाठी दिलेला निघाला.

मोती सावरल्यावर मी हॅम्परमधील प्रत्येक वस्तू तपासली. रबरी खेळण्यातली शिट्टी बोटाने ओढताच बाहेर आली. लुकलुकणाऱ्या चेंडूचे बॅटरीचे झाकण स्क्रूशिवाय, नुसत्या नखाने उघडले. आतल्या चपट्या बॅटरीमुळे अन्ननलिका दोन-चार तासांत भाजू शकते. मांजरासाठीच्या काठीला चमकी दोरा आणि झिरमिळ्या होत्या. मांजराने असा दोरा गिळला, की त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकते आणि आतडे त्या दोऱ्यावर चुण्या पडून गोळा होत जाते, प्रसंगी फाटते. दोरा तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबताना दिसला, तरी तो ओढायचा नसतो. मांजराला तसेच डॉक्टरांकडे न्यायचे असते. मी बहिणीला फोन करून ती काठी ताबडतोब कपाटात बंद करायला सांगितली.

मोतीच्या डॉक्टरांनी सांगितलेली कसोटी मला फार उपयोगी वाटते: खेळणे आपल्या कुत्र्याच्या तोंडात पूर्ण मावू नये, आणि चघळायची वस्तू इतकी कठीण नसावी की नखाने दाबल्यावर तिच्यावर खूणही उमटणार नाही, कारण अशा वस्तूंनी दाढा तुटतात. नवे खेळणे देऊन घराबाहेर पडू नये, हेही त्यांनी बजावले.

विक्रेत्याने छापील पावती दिली नव्हती. “प्रदर्शनात बिल नसतं, ताई,” असे म्हणून त्याने एका कागदावर रक्कम लिहून दिली, आणि यूपीआयचे पैसे दुकानाऐवजी एका व्यक्तीच्या खात्यात गेले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तसेच २०११ च्या आवेष्टित (पॅकबंद) वस्तूंच्या नियमांनुसार उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क खोक्यावर असायलाच हवा. आमच्या खोक्यावर फक्त एक मोबाइल क्रमांक होता, आणि मी हाडाविषयी जाब विचारल्यावर तो बंद झाला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. त्यातून मार्ग निघाला नाही, तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. नवी मुंबईतल्या प्रदर्शनांतून ज्यांनी लाल खोक्यातला, वर सोनेरी पंजा छापलेला असा हॅम्पर घेतला असेल, त्यांनी त्यातले हाड आणि चेंडू प्राण्यापासून आजच दूर करावे. पण खोके, पाकीट, पैसे भरल्याची नोंद आणि उरलेल्या वस्तू टाकून देऊ नयेत, कारण तक्रारीला पुरावा म्हणून त्याच लागतील.